आग रामेश्वरी, कसोटी सोमेश्वरी

(बी. कॉम., चौथे सत्र)

आगीविषयी लिहायचे ते विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी किंवा अभियंत्यांनी. वाणिज्य शाखेच्या मुलाने या भानगडीत का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर एवढेच की, मी या विषयाकडे पुस्तकातून आलो नाही, एका बिलातून आलो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी उद्यमबागेतील एका कंत्राटदाराच्या कचेरीत हिशेब लिहिण्याचे काम केले. कार्यालयांतून फॉल्स फ्लोअर आणि वातानुकूलनाची कामे घेणारी ही लहानशी पेढी. मालक माणूस म्हणून चांगले. पगार कधी चुकवला नाही, परीक्षेच्या दिवसांत रजाही दिली. हुबळीच्या एका कार्यालयाचे काम संपले होते आणि शेवटचे बिल पाठवायचे होते. बिलात एक ओळ होती: 'फ्लोअर डिफ्युझर, फायर रेटेड, नग १४०.' प्रत्येक मालाचे चाचणी-प्रमाणपत्र बिलास जोडावे, असे करारात होते. कागदाला टाचणी लावण्यापूर्वी तो वाचावा, ही सवय आम्हांला ऑडिटिंगच्या सरांनी लावली आहे. म्हणून मी तो वाचला. ते प्रमाणपत्र डिफ्युझरचे नव्हतेच. ते होते जमिनीच्या फरशीचे, आत सिमेंट भरलेल्या पोलादी फरशीचे! डिफ्युझर तर प्लॅस्टिकचे होते.

मी मालकांना विचारले. ते म्हणाले, "अरे, फायरचं सर्टिफिकेट आहे ना? मग लाव फाईलला. त्यांचा इंजिनिअरसुद्धा पहिलं पानच बघतो." मी कागद लावला. बिल गेले, पास झाले, पैसेही आले. कोणाचे काही अडले नाही.

पण माझे मन स्वस्थ बसेना. आमच्या फोरमनना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांना मी विचारले, "अण्णा, हे डिफ्युझर जळतात का हो?" त्यांनी तुटलेल्या डिफ्युझरचा एक तुकडा मागच्या अंगणात नेला आणि त्याला लायटर लावला. तुकडा मऊ झाला, थेंब गळू लागले, आणि काळ्या धुराची वळी वर निघाली. अण्णा म्हणाले, "बघ, बेंकी एवढीशी, होगे केवढी!" आग एवढीशी आणि धूर केवढा! अंगणात केलेली ही परीक्षा काही शास्त्रीय नव्हे, हे मलाही कळते. परंतु त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता जे एक मत बनले, ते मांडण्यासाठी हा लेख. ते मत असे: प्रमाणपत्र हे एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न न वाचता उत्तर वापरणारा माणूस स्वतःला फसवतो आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो.

जमिनीखालची हवा

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगतो. मोठ्या कार्यालयांत खऱ्या काँक्रीटच्या जमिनीवर लोखंडी पाये उभे करून त्यांवर सुमारे दोन फूट लांब-रुंद फरशा मांडतात. मधल्या फूट-दीड फुटाच्या पोकळीत विजेच्या आणि संगणकाच्या तारा पसरलेल्या असतात. पूर्वी ही व्यवस्था संगणकांच्या खोल्यांपुरती होती. १९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीतील कार्यालयांनी ती उचलली, आणि पुढे ती जगभर पसरली. अनेक ठिकाणी त्याच पोकळीत यंत्राने थंड हवा सोडतात आणि फरशीत बसवलेल्या जाळीदार डिफ्युझरमधून ती माणसांपर्यंत वर येते. यात सोयी पुष्कळ आहेत. हवा माणसाजवळच येते, टेबले हलवली तर डिफ्युझरही हलवता येतात, आणि फार गार हवा सोडावी लागत नसल्याने विजेची बचत होऊ शकते.

मात्र यात एक गोष्ट बदलते, ती चटकन लक्षात येत नाही. नुसत्या तारा ठेवायची अडगळ आता माणसांच्या श्वासाची वाट बनते. त्या पोकळीत जे जे असेल, म्हणजे तारांचे आवरण, रबरी पट्ट्या, लवचीक नळ्या, लहान पंखे, डिफ्युझरचे प्लॅस्टिक, त्यांपैकी काहीही धुमसले तर तो धूर यंत्राच्या जोरावर थेट टेबलाखाली येणार.

माझी ताई बेंगळुरूला अशाच एका कार्यालयात रात्रपाळीला असते. मी तिला फोनवर विचारले, "ताई, तुझ्या पायाखाली काय आहे गं?" ती म्हणाली, "कार्पेट. का रे?" तिने कार्पेट सांगितले, यात तिची काय चूक? तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच सांगितले असते. पायाखाली काय असावे हे ठरवण्याचे काम तिचे नाही. ते ज्यांचे आहे, त्यांनी कागद वाचला की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

ज्वालेपेक्षा धूर

आग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ज्वाला येते. प्रत्यक्षात आगीतली कित्येक माणसे धुराने जातात. २१ नोव्हेंबर १९८० रोजी अमेरिकेत लास व्हेगस येथील एमजीएम ग्रँड हॉटेलमध्ये तळमजल्यावरील उपाहारगृहात आग लागली आणि ८५ माणसे दगावली. त्यांतील बहुतेक मृत्यू ज्वालांपासून दूर, वरच्या मजल्यांवर धुराने झाले. जिने, लिफ्टचे मार्ग आणि हवेच्या नळ्या यांतून तो धूर वर चढला होता. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्याच्या एका रुग्णालयाच्या तळघरात आग लागली, वातानुकूलनाच्या नळ्यांमधून धूर वॉर्डांत शिरला आणि सुमारे ९० माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या राज्याचीच गोष्ट घ्या. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बेंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये विजेच्या तारांच्या उभ्या मार्गातून आलेल्या धुराने वरचे मजले भरले. घाबरलेल्या काही जणांनी काचा फोडून उड्या टाकल्या. नऊ जण गेले.

या तीनही ठिकाणी जमिनीखालून हवा देण्याची पद्धत होती असे मी म्हणत नाही. परंतु तीनही ठिकाणचा धडा एकच आहे: इमारतीत हवेला किंवा तारेला जाण्यासाठी केलेली वाट धुरालाही मोकळी असते. मग अशी वाट आपण होऊन माणसांच्या पायाखाली नेताना अधिक काळजी घ्यायला नको का?

कसोटी कोणती आणि कशी

ही काळजी जगात घेतली गेली आहे. हुबळीच्या त्या कामाच्या करारातही एका अमेरिकन मानकाचे नाव होते: यूएल २०४३. हवेच्या पोकळीत ठेवायच्या सुट्या वस्तूंसाठी ही चाचणी आहे. वस्तू मोठ्या धुराड्याखाली ठेवून तिला ठरावीक प्रमाणात आगीची झळ देतात. वर जाणारा सगळा धूर आणि वायू नळीत गोळा करून दोन गोष्टी मोजतात. पहिली उष्णता. ती मोजण्याची रीत आम्हां वाणिज्यवाल्यांना आवडावी अशी आहे. एक किलो ऑक्सिजन खर्च झाला की, बहुतेक पदार्थांच्या बाबतीत, सुमारे १३ मेगाज्यूल उष्णता निघते. म्हणून नळीतला ऑक्सिजन किती कमी झाला ते पाहून उष्णता काढतात. शिल्लक पाहून खर्च काढावा, तसेच हे! ही उष्णता कोणत्याही क्षणी १०० किलोवॉटच्या वर जाता कामा नये. घरात दोन किलोवॉटचा हीटर असतो, तसे पन्नास हीटर एकदम पेटवावेत एवढी ही मर्यादा आहे.

दुसरी गोष्ट धुराचा दाटपणा. नळीतून आरपार प्रकाश सोडून तो किती अडतो ते पाहतात. कमाल दाटपणा ०.५० आणि सरासरी ०.१५ याच्या वर असू नये. हे आकडे लॉगॅरिथमचे आहेत, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. मी कोष्टक घेऊन हिशेब केला. ०.१५ म्हणजे शंभरातील सुमारे ७१ भाग प्रकाश पलीकडे पोचतो, ०.५० म्हणजे फक्त ३२ भाग. उत्तीर्ण झालेली वस्तूसुद्धा एखाद्या क्षणी नळीतला दोनतृतीयांश प्रकाश अडवू शकते. मग अनुत्तीर्ण वस्तू काय करील, आणि जिची परीक्षाच झाली नाही ती काय करील?

पोकळीतील तारांसाठी वेगळी चाचणी आहे. तिच्यात वीस मिनिटे ज्वाला देतात, धुराचे आकडे हेच, आणि ज्वाला पाच फुटांपलीकडे पसरू नये अशी अट. वापरात नसलेल्या तारा पोकळीत तशाच टाकून देऊ नयेत, काढून न्याव्यात, असा नियम अमेरिकेच्या विद्युत संहितेने २००२ मध्ये घातला. आपल्याकडे जुनी तार काढायची मजुरी कोण देणार म्हणून ती तिथेच सोडतात, हे मी कचेरीत डोळ्यांनी पाहिले आहे. तिकडच्या वातानुकूलनाच्या मानकात आणखी एक सोपी अट आहे: मिनिटाला २००० घनफुटांहून अधिक हवा पुरवणाऱ्या यंत्रणेत धूर ओळखणारे उपकरण हवे, आणि धूर दिसताच पंखा आपोआप थांबला पाहिजे.

आता त्या फरशीच्या प्रमाणपत्राकडे येऊ. ते ज्या चाचणीचे होते तिला स्टायनर यांची बोगद्याची चाचणी म्हणतात. सुमारे पंचवीस फूट लांबीच्या बोगद्यात नमुना छताला लावतात, एका टोकाला ज्वाला देतात आणि दहा मिनिटांत ती किती पसरली ते पाहतात. सिमेंटच्या पत्र्याला शून्य आणि रेड ओक लाकडाला शंभर, अशी मोजपट्टी. हवेच्या पोकळीतील सामान्य साहित्याला ज्वाला-प्रसारासाठी २५ आणि धुरासाठी ५० ही मर्यादा असते. चाचणी जुनी आहे, उपयोगी आहे. पण नमुना छताला असतो हे ध्यानात घ्या. वितळणारे प्लॅस्टिक छतावरून गळून खाली पडते आणि वरची ज्वाला पुढे सरकत नाही. आकडा चांगला येतो. जमिनीत बसवलेली वस्तू गळून जाणार कुठे? ती तिथेच, पोकळीत, तारांवर पडणार. फरशीचे प्रमाणपत्र फरशीपुरते खरेच होते. पण ते डिफ्युझरला लावणे म्हणजे 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' यातलाच प्रकार. इथे बंबाऐवजी कसोटीच सोमेश्वराला झाली, एवढाच फरक.

शब्दांची फसवणूक

'फायर रेटेड', 'फायरप्रूफ', 'अग्निरोधक' हे शब्द बिलात छान दिसतात. १९७३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोम-प्लॅस्टिक बनवणाऱ्या सुमारे पंचवीस कंपन्या, त्यांची व्यापारी संघटना आणि चाचण्यांची मानके ठरवणारी संस्था यांच्याविरुद्ध तक्रार दाखल केली. 'न जळणारे', 'आपोआप विझणारे' असे शब्द लावून हा माल विकला जात होता. प्रयोगशाळेतील लहान नमुन्याच्या चाचणीत ते शब्द बसतही होते. खऱ्या खोलीतील खऱ्या आगीत मात्र तेच फोम झपाट्याने जळे. अखेर तडजोड झाली, ते शब्द सोडावे लागले आणि उद्योगाने संशोधनासाठी ५० लाख डॉलर दिले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की, चाचणीचा अहवाल कोणी खोटा लिहिला नव्हता. आकडा खरा होता. त्याला लावलेला शब्द दिशाभूल करणारा होता.

आम्ही ऑडिटिंगमध्ये शिकतो की, लेखापरीक्षकाचा अहवाल म्हणजे व्यवसाय बुडणार नाही याची हमी नव्हे. कोणत्या तारखेचे हिशेब पाहिले, काय पाहिले, कोणत्या मर्यादेत पाहिले, हे त्यात लिहिलेले असते, आणि जो ते न वाचता फक्त सही पाहतो तो आपल्या जबाबदारीवर पैसे गुंतवतो. चाचणीचा अहवालही तसाच वाचला पाहिजे. त्यात वस्तूचे नाव व नमुना-क्रमांक असतो, चाचणीचे नाव असते, आकडे असतात, तारीख असते. चारच गोष्टी! व्हाउचर तपासणाऱ्या कोणत्याही कारकुनाला त्या तपासता येतील. अभियंता असण्याची गरज नाही. किंबहुना चाचणीच्या या व्यवसायाचा जन्मच विम्याच्या हिशेबातून झाला. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेच्या रोषणाईचा धोका तपासायला आलेल्या विल्यम मेरिल या तरुण अभियंत्याने १८९४ मध्ये विमा व्यावसायिकांच्या आधाराने जी छोटी प्रयोगशाळा काढली, तिचीच पुढे ही यूएल संस्था झाली. तिच्या मूळ नावातला 'अंडररायटर्स' हा शब्द आमच्या विम्याच्या पाठ्यपुस्तकातला आहे.

दोन आक्षेप

मालकांशी मी नंतर या विषयावर बोललो. ते रागावले नाहीत. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आणि त्या दोन्ही रास्त होत्या.

पहिली अशी: "चाचणी झालेला डिफ्युझर महाग पडतो. मी तो धरला तर टेंडर दुसऱ्याला जाईल. मग तुझा पगार कोण देणार?" याला माझ्याकडे उपदेश नाही, अर्थशास्त्र आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, जिथे गिऱ्हाइकाला चांगला माल आणि वाईट माल यांतला फरक कळत नाही, तिथे चांगला माल विकणारा बाजारातून बाहेर फेकला जातो. पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांत ते होते. आमच्या मालकांची अडचण नेमकी हीच आहे. यावर उपाय त्यांच्या एकट्याच्या हाती नाही. निविदा काढणाऱ्याने 'फायर रेटेड' या मोघम शब्दाऐवजी चाचणीचे नाव आणि आकडे लिहिले, आणि बिल पास करताना ते खरोखर पाहिले, तर सगळ्यांना एकाच दर्जाच्या मालाचा भाव द्यावा लागेल. प्रामाणिक माणूस तोट्यात जाणार नाही.

दुसरी गोष्ट: "हे सगळे अमेरिकेचे नियम. आपल्याकडे कुठे चालतात?" आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता आहे, ती १९७० मध्ये प्रथम आली आणि २०१६ मध्ये तिची मोठी सुधारणा झाली. पण संहिता ही शिफारस असते. राज्ये आणि नगरपालिका आपापल्या नियमांत ती घेतात तेव्हाच ती बंधनकारक होते. म्हणून तर करारातली ओळ इतकी महत्त्वाची. मानक कोणत्या देशाचे, हा वाद नंतर घालता येईल. ज्या मानकाचे नाव आपण स्वतः सही करून मान्य केले, ते पाळले की नाही हा प्रश्न देशाचा नसून शब्द पाळण्याचा आहे. धुराला तरी कुठे देश असतो!

आपल्या हातचे

तिसरा प्रश्न कोणी विचारला नाही, तो मीच विचारतो. हे अहवाल इंग्रजीत असतात. फरशी उचलून डिफ्युझर बसवणारे आमचे कामगार मराठी आणि कन्नड बोलतात. पोकळीत कोणती तार चालते, कोणता तुकडा उचलून न्यायचा, कोणत्या डब्यावरचा नमुना-क्रमांक कागदाशी जुळला पाहिजे, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणी लिहून देत नाही. एकाच अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग काढणाऱ्या आपल्यासारख्या महाविद्यालयाला एक पानी सूचना दोन्ही भाषांत लिहिणे अवघड आहे का? मी मराठी मजकूर तयार केला आहे. अण्णांना तो वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, आणि ती बरोबर होती. कन्नड विभागातील मित्रांपैकी कोणी पुढचे काम हाती घेतले, तर मी त्यांच्याबरोबर बसायला तयार आहे. आणि आपल्यातले जे उद्या बँकेत, विमा कंपनीत, ऑडिट फर्ममध्ये किंवा एखाद्या कचेरीच्या खरेदी विभागात बसतील, त्यांच्या टेबलावर असे कागद येणारच आहेत. त्यांनी पहिल्या पानावर थांबू नये, एवढीच विनंती.

मालकांच्या परवानगीने मी डिफ्युझर पुरवणाऱ्याला पत्र लिहिले आणि त्या नमुना-क्रमांकाचा चाचणी-अहवाल मागितला. उत्तर आले, त्यात रंगीत माहितीपत्रक होते आणि त्यावर 'फायर रेटेड' असे लिहिले होते. मी दुसरे पत्र पाठवले आहे. मालक म्हणाले आहेत की, अहवाल आला नाही तर पुढच्या कामाला दुसरा पुरवठादार पाहू. पुढच्या कामाचे ठीक आहे. हुबळीच्या त्या कार्यालयात १४० डिफ्युझर बसलेले आहेत, त्यांच्यावर माणसे रोज काम करतात, आणि फाईलमध्ये माझ्या हाताने लावलेला तो फरशीचा कागद अजून तसाच आहे. तो काढून योग्य कागद लागेपर्यंत, माझ्या हिशेबी ते बिल पूर्ण झालेले नाही.